मोजणीदाराचं शेवटचं प्रकरण

६ जानेवारी

वहिनी,

फोन करायचा नाही असं तू बजावून गेलीस, म्हणून लिहितेय. फोनवर आपण भांडतो हे खरंच आहे. कागदावर भांडायला निदान खाली बसावं लागतं.

आधी कामाचं. काल प्रकाशक येऊन गेले. दादाच्या खुर्चीत बसायला गेले आणि मधेच लक्षात आल्यासारखे स्टुलावर बसले. म्हणाले, "घाई नाही. पण अर्धं पुस्तक माझ्या टेबलावर पडलंय, आणि मोजणीदार पुढे काय करतो हे मलाही कळलेलं नाही." मी म्हटलं, देऊ. तू पुन्हा लिहिणार नाहीस म्हणालीस ते विसरलेले नाही. 'देऊ' हे मी माझ्या एकटीच्या वतीने म्हटलं.

त्यांनी वाचकांची पत्रंही आणली होती. एका गृहस्थांनी लिहिलंय, "महोदय, आपण पुरुष असून बायकांचं बोलणं इतकं हुबेहूब कसं लिहिता?" मुखपृष्ठावरच्या त्या खोट्या नावामागे एक नणंद आणि एक भावजय आहे हे कळलं, तर बिचारे पुस्तक परत करायला येतील. हे पत्र तुझ्यासाठी जपून ठेवलंय. बोलणं तू लिहितेस, कौतुक तुझंच आहे.

आता गोष्ट कुठे अडली ते सांगते. कापडवाल्याचं प्रेत बंद लिफ्टमध्ये सापडतं, तपास करणारा आपला मोजणीदार लिफ्टचा खड्डा मोजतो, आणि माप नकाशाशी जुळत नाही, इथपर्यंत आपण आलो होतो. पुढचं मी जुळवलंय. त्यासाठी बाजारातल्या त्या उंच इमारतीच्या लिफ्टमधून सबंध सकाळ वरखाली करत होते. शेवटी पहारेकऱ्याने विचारलं, "बाई, तुम्हाला नक्की कुठे जायचंय?" मी म्हटलं, "दोन मजल्यांच्या मधे." त्यानंतर तो माझ्यासोबतच लिफ्टमध्ये उभा राहिला. पण मला हवं ते मिळालं. खून कसा झाला ते आता पक्कं आहे.

म्हणजे माझं काम झालं. तुझं राहिलंय. मी स्वतःच करून पाहते.

तुझी नणंद


२१ जानेवारी

वहिनी,

मी पाठवलेल्या पानांवर तुझं पोस्टकार्ड मिळालं. "संवाद वाचले. सगळी माणसं एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकल्यासारखी बोलतात. मोजणीदाराला मारणार असशील तर मदत करीन, नाहीतर नाही." बरं. एवढं लिहूनही पोस्टकार्डाची मागची बाजू कोरीच राहिली.

संवादांबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे. माझा संशयित म्हणतो, "मी खून केलेला नाही, कारण त्या वेळी मी दुसऱ्या ठिकाणी उपस्थित होतो." हे मी टाइप केलं, मोठ्याने वाचलं आणि मलाच त्याला अटक करावीशी वाटली.

तू कशी करायचीस ते आठवून तसं करून पाहिलं. म्हणजे ओट्याशी उभी राहिले, भाजी चिरायला घेतली आणि त्या माणसासारखं बोलायला लागले. तुझ्या तोंडून माणसं आपसूक यायची. कांदा चिरताना विधवा, चाकू धुताना सावकाराचा मुलगा. मी टेबलाशी बसून टाइप करायचे आणि ओरडायचे, "हळू, हळू, कोण म्हणालं हे?" आणि तू म्हणायचीस, "ऐकू येत नाही का? त्याचं नाक चोंदलंय." मी चिरायला घेतली तर नुसती भाजी चिरून झाली. बोललं कुणीच नाही.

मोजणीदाराच्या मरणाबद्दल मी मागेच सांगितलंय. त्याला मारायचं काही कारण नाही. त्याची तब्येत ठणठणीत आहे, वाचक त्याची वाट पाहतात, टायपिस्ट त्याचे अहवाल टाइप करून कुरकुर करते, घरमालकीण त्याला रोज ओरडते. चाललंय त्याचं.

तुझी नणंद


४ फेब्रुवारी

वहिनी,

भाचीचं पत्र आलं. ती लिहिते, "आत्या, आई दिवसभर गॅलरीत बसून असते. लिहायला कागद आणून दिले तर त्यावर औषधांच्या वेळा लिहिते. तुम्ही दोघी कशावरून भांडलात?" मी तिला लिहिलं, पुस्तकावरून. ते खोटं नाही.

पण तू निघालीस त्या सकाळी दारात काय म्हणाली होतीस ते मी तिला लिहिलं नाही. "तुला तुझा भाऊ अजून हवाय, म्हणून तू त्याला पुस्तकात हिंडवतेस. माझा नवरा गेलाय. मला तो पानापानावर चष्मा पुसताना बघवत नाही." त्यावर मी म्हटलं होतं, "म्हणून तू त्याला दुसऱ्यांदा मारणार?" रिक्षावाला ऐकत होता. त्याने मीटर पाडलं आणि आपल्या वतीने निर्णय घेतला.

मी शांतपणे विचार केला. मोजणीदार म्हणजे दादा नाही असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, आणि तूही. प्रकाशक विचारायचे, कुठून सुचलं हे पात्र? आपण सांगायचो, सुचलं असंच. असंच काही सुचत नाही. दादा मोजणी खात्यात होता, साखळी घेऊन शेतं मोजत हिंडायचा, बांधावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. अंथरुणावर पडून पडून त्याने वाचनालय संपवलं. मग एका संध्याकाळी म्हणाला, "तुम्ही दोघी येणाऱ्याजाणाऱ्याच्या इतक्या नकला करता, मला एखादा खून तरी करून दाखवा." आपण त्याला रोज एक प्रकरण करून वाचून दाखवायचो. पान संपलं की तो भिंतीवर टकटक करायचा, पुढचं आणा म्हणून. पाय बरा झाला तरी लंगडत असल्याचं नाटक त्याने काही दिवस चालवलं, गोष्ट संपली नव्हती ना.

तेव्हा आपल्याला लेखिका व्हायचं नव्हतं. आपल्याला त्याचं भिंतीवरचं टकटक हवं होतं. बाकीचं सगळं, ते छापणं, ती वाचकांची पत्रं, नंतर आलं.

आता भिंत शांत आहे. तरी मी लिहितेय. कशासाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही. सकाळी उठते, दात घासते, टेबलाशी बसते.

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी

वहिनी,

हे वाचून तू हसशील, म्हणून मुद्दाम लिहितेय. प्रकाशकांनी माझ्यासाठी एक नाटककार पाठवले. "संवाद त्यांच्यावर सोडा," म्हणाले.

नाटककार आले तेच खांद्यावर शाल टाकून. उकडत होतं. टेबलाशी बसायला नको म्हणाले, त्यांना चालता चालता सुचतं. आपली खोली तुला माहीत आहे. ते तीन पावलं चालायचे, कपाटाला धडकायचे, वळायचे. मी खून समजावून सांगितला. लिफ्टचा खड्डा, नकाशा, माप. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "उत्तम. पण मोजणीदाराचं दुःख काय आहे?"

मी म्हटलं, "त्याला दुःख नाही. त्याला माप जुळत नाही."

"बाई, प्रत्येक माणसाला एक जखम असते."

"त्याला पायमोजे कधी जोडीचे मिळत नाहीत," मी म्हटलं. "तेवढं पुरेल का?"

त्यांनी एक प्रवेश लिहिला. त्यात मोजणीदार खिडकीशी उभा राहून अंधाराकडे पाहतो आणि टायपिस्टला म्हणतो, "आपण सगळेच आपापल्या लिफ्टमध्ये बंद आहोत." मी वाचलं. दोनदा वाचलं. मग मी त्यांना चहा दिला आणि आमचं जमणार नाही असं सांगितलं. त्यांना राग आला नाही. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "एक विचारू? ही जी टायपिस्ट आहे, ती तुम्हीच ना? आणि घरमालकीण दुसरी कुणीतरी आहे. ती दुसरी तुम्हाला हवी आहे. मी काय, कुणी आलं तरी चालणार नाही."

शाल नीट करून गेले. माणूस अगदीच वेडा नव्हता.

तुझी नणंद


८ मार्च

वहिनी,

तुझं उत्तर नाही. माझं लिखाणही थांबलंय.

झालं असं, की परवा मोजणीदाराला एका खोलीत आणायचं होतं. साधं वाक्य. 'मोजणीदार आत आला.' लिहिलं आणि मला दादाचा खोकला ऐकू आला. पूर्वीचा नव्हे, शेवटच्या महिन्यातला, पाणी भरल्यासारखा. वाक्य खोडलं, मोजणीदाराला जिन्यात उभं केलं. तिथेही तेच. दोन दिवस मी त्याला इमारतीच्या बाहेरच ठेवलंय.

तू म्हणालीस तेच होतंय, हे कबूल करायला मला जड जातंय. तू हे आधी पाहिलंस. मी त्याला हिंडवत होते तोवर ठीक होतं. आता तो हिंडायला तयार नाही.

आणखी एक. दादा गेला तेव्हा मी खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. दुकान दवाखान्याच्या दाराला लागूनच आहे. तुमच्या खोलीची खिडकी बरोबर त्याच्यावर उघडते. मी वर पाहिलंही होतं, पडदा हलत होता. तू खिडकीतून एक हाक मारली असतीस तर मला ऐकू आली असती. मी वर आले तेव्हा तू त्याच्या चष्म्याची घडी करत होतीस.

मी हे तुला कधी विचारलं नाही. पुस्तकावरून भांडणं सोपं होतं.

पत्र टाकू की नको, असं झालंय. टाकते.

तुझी नणंद


२ एप्रिल

वहिनी,

तू उत्तर दिलं नाहीस, आणि मला त्याचा राग नाही. मी तुझ्या जागी असते तर मलाही काय लिहावं ते कळलं नसतं.

मी ठरवलंय. मोजणीदार मरेल. तू म्हणतेस म्हणून नाही. तो इमारतीबाहेर उभा आहे आणि त्याला आत आणायचा मला दुसरा रस्ता दिसत नाही.

ठरवलं आणि लगेच अडले. मला माहीत नसलेली गोष्ट मी लिहू शकत नाही. विष कोणतं, कुलूप कसलं, आगगाडी कुठे थांबते, हे सगळं विचारल्याशिवाय मी कधी एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून मी दादाला बघणाऱ्या आपल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्याच. रांगेत बसून नंबर लावला.

त्यांनी मला ओळखलं. "तुमची तब्येत?" मी म्हटलं, "तब्येत बरी आहे. एका पुस्तकासाठी माहिती हवी आहे." वही काढली. एका माणसाच्या फुप्फुसात पाणी भरतंय, वय अमुक, शेवटच्या तासात त्याला काय होतं? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट सांगितलं. श्वास कसा बदलतो. हातपाय गार पडतात ते कुठून सुरू होतं. पाणी मागतात, पण पितात ओठ ओले होण्यापुरतंच. मी लिहून घेत होते.

"ऐकू येतं का?"

"बहुतेक येतं. ऐकणं शेवटी जातं असं आम्ही मानतो."

"बोलता येतं?"

"काहींना येतं. फार नाही. पण जे बोलतात ते शुद्धीत बोलतात, हे मी पाहिलंय. लोकांना वाटतं भ्रमात बोलताहेत. तसं नेहमी नसतं."

मग मी विचारलं, "समजा, जवळचं कुणीतरी खाली गेलंय. वरच्या माणसाने हाक मारली, तर ते वेळेत पोचेल का?"

त्यांनी पेन पुन्हा हातात घेतलं. म्हणाल्या, "पोचेलही. पण खोलीतल्या माणसाला कळत नाही हो, की हाच तो क्षण आहे म्हणून. ते नंतर कळतं. आम्हालासुद्धा." मग म्हणाल्या, "पुस्तकासाठीच विचारताय ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग लिहा, की त्याला त्रास कमी झाला. ते खरं आहे."

बाहेर आले आणि वही बघितली. सगळं नेहमीसारखं व्यवस्थित लिहिलं होतं, मुद्देसूद. भाऊ गेला तेव्हा मी यातलं काही विचारलं नव्हतं. हिंमतच झाली नव्हती. मोजणीदारासाठी विचारता आलं.

तुझी नणंद


२० एप्रिल

वहिनी,

सोबत शेवटचं प्रकरण आहे. कापडवाल्याचा खुनी सापडलाय, ते आधीच्या प्रकरणात. हे फक्त मोजणीदाराचं आहे.

दवाखान्याची खोली, खाट, टेबलावर पाण्याचा पेला. एका बाजूला घरमालकीण, दुसऱ्या बाजूला टायपिस्ट, तिच्या हातात त्याचा हात. श्वास, गारठा, ओले ओठ, सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं आहे. त्यात चूक सापडणार नाही.

बोलणं मी लिहिलेलं नाही. जिथे तो बोलेल तिथे जागा सोडलीय. तीन-चार वेळा प्रयत्न केला, पण तो म्हणायला लागला, "माझी अंतिम इच्छा अशी आहे की". फाडून टाकलं.

त्या रिकाम्या जागांत काय येईल ते तू सांग. नाही सांगितलंस तर त्या रिकाम्याच छापायला देईन. तसंही चालेल. माणसं गप्पही मरतात.

तुझी नणंद


५ मे

वहिनी,

फोन तू केलास, नियम तू मोडलास, हे नोंदवून ठेवतेय.

काल तू सांगितलंस ते स्वच्छ टाइप करून पाठवतेय. तपास. फोनवर मधे मधे खरखर होती आणि भाचीचा मिक्सर चालू होता, तेव्हा एखादा शब्द चुकला असेल. मी वाट पाहत होते की तू रिकाम्या जागा भरशील. तू पहिलंच वाक्य म्हणालीस ते असं, "हे मुळात चुकलंय. टायपिस्ट तिथे नसते. तिला औषध आणायला खाली पाठव."

मी म्हटलं, "ती तिथे असायला हवी."

तू म्हणालीस, "हवी, पण नसते. पाठव खाली. मग मी सांगते."

मी नवा कागद घातला आणि तिला खाली पाठवलं. त्यानंतर तू बोलत गेलीस तसं मी उतरवत गेले. तुझ्या मागे नळ वाहत होता. ओट्याशी उभी होतीस का, ते मी विचारलं नाही. इथून पुढे तुझं:

घरमालकिणीने त्याचे ओठ ओले केले. त्याने डोळे उघडले आणि खोलीभर बघितलं.

"ती कुठाय?"

"खाली गेलीय. औषध आणायला. हाक मारू का तिला? खिडकीतून दिसतेय."

"नको."

"मारते. एका मिनिटात येईल."

"नको म्हटलं ना. धावत येईल." त्याने श्वास गोळा केला. "तीन मजले धावत येईल आणि मग धापा टाकत बसेल. मग मला काय झालं ते बाजूलाच राहील, तिचीच नाडी बघावी लागेल."

घरमालकीण हसली. हसू आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"ती रागावेल," ती म्हणाली. "नंतर. माझ्यावर रागावेल."

"रागावू दे. तुझ्यावर रागावली तर बोलेल तरी. नाहीतर ती काही बोलणारी नव्हे." मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "चष्मा काढ गं. नाकाला रुततोय."

तिने चष्मा काढला आणि कानाजवळची काडी सोडवायला तिला थोडा वेळ लागला. तेवढ्यात झालं.

एवढंच. इथे तू थांबलीस. मीही टाइप करायची थांबले होते, ते तुला ऐकू आलं असणार. तू 'रडतेस का' वगैरे विचारलं नाहीस. म्हणालीस, "झालं का लिहून? वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. 'मला काय झालं ते बाजूलाच राहील' इथे तू म्हणालीस, "हळू वाच, त्याला दम लागलाय." मी हळू वाचलं.

यातलं किती तुझ्या मनाचं आणि किती त्याचं, हे मी तुला विचारणार नाही. तू माणसांची बोलणी रचतेस हे मला माहीत आहे. पण 'नाडी बघावी लागेल' हे तुला सुचण्यासारखं नाही. मी ते ऐकलं आणि मला तो आवाजच ऐकू आला, खोकल्याशिवायचा. हाक का मारली नाहीस म्हणून मी इतके महिने तुझ्यावर रागावले होते. तू मला सांगू शकली असतीस. मी ऐकून घेतलं नसतं, हेही खरं.

एकच दुरुस्ती सुचवते. शेवटी 'तेवढ्यात झालं' असं आहे. प्रकाशक म्हणतील, काय झालं ते स्पष्ट करा, वाचक गोंधळतील. मी त्यांना सांगणार आहे की गोंधळणार नाहीत. तुझी हरकत नसेल तर ते तसंच राहू दे.

टायपिस्ट औषध घेऊन वर येते, तो परिच्छेद मी लिहिते. तिथे कुणी बोलत नाही, तेवढं मला जमेल.

तुझी नणंद